जुन्या विमानाच्या अंगावरचा पत्रा

विमानाचा पंख जेथे त्याच्या धडाला येऊन मिळतो, तेथे साहजिकच एक कोपरा तयार होतो. तो तसाच उघडा ठेवला तर वेगाने जाणारी हवा तेथे अडखळते, भोवरे करते आणि विमानाला मागे ओढते. म्हणून त्या कोपऱ्यावर एक वळणदार पत्रा बसविण्याची रीत पडली. स्पिटफायर या इंग्रजी लढाऊ विमानावरील हा पत्रा पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. धडाची गोलाई आणि पंखाची सपाटी यांच्यामध्ये तो इतका मिसळून गेलेला असतो की, तो एक वेगळा तुकडा आहे हेच जाणवत नाही. पुढच्या बाजूस तो पंखाच्या कडेला वळसा घालतो, मध्ये खोलगट होतो आणि मागे जाता जाता रुंदावून धडाच्या कडेशी विरून जातो. जुन्या विमानांच्या जीर्णोद्धाराचे काम शिकू पाहणाऱ्या उमेदवाराची खरी कसोटी अशाच पत्र्यावर लागते; कारण त्याचा आराखडा हाती असला तरी तो घडवावा कसा, हे आराखड्यात कोठेही लिहिलेले नसते.

स्पिटफायरचे पहिले उड्डाण ५ मार्च १९३६ रोजी झाले. आर. जे. मिचेल या अभियंत्याच्या कल्पनेतून उतरलेले हे विमान पुढे वीस हजारांहून अधिक संख्येने बांधले गेले. भारतीय वायुदलानेही ते वापरले आणि १९४७ च्या काश्मीरच्या लढाईत ते उडाले. त्यांपैकी पी ९३७४ या क्रमांकाच्या एका विमानाची कथा पत्र्याच्या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. २४ मे १९४० रोजी फ्रान्समधील कॅले येथे समुद्रकाठच्या वाळूवर हे विमान त्याच्या वैमानिकाला उतरवावे लागले. वैमानिक वाचला, पण जर्मनांच्या हाती सापडून युद्धकैदी झाला. विमान वाळूने गिळले. चाळीस वर्षांनी, १९८० साली, भरती-ओहोटीने वाळू सरकली आणि त्याचा सांगाडा वर आला. पुढे तो इंग्लंडात नेण्यात आला आणि २०११ साली ते विमान डक्सफर्ड येथे पुन्हा आकाशात चढले. खाऱ्या पाण्यात चार दशके भिजलेले ॲल्युमिनियम उडण्याच्या कामी येत नाही, हे उघडच आहे. त्यामुळे त्याच्या अंगावरील बहुतेक पत्रा नवा घडवावा लागला. इंजिनाची कथा सांगणारे पुष्कळ भेटतात. पत्र्याची कथा मात्र क्वचितच कोणी सांगतो.

येथे प्रथम त्या धातूची ओळख करून घेतली पाहिजे. आरंभीची विमाने लाकूड आणि कापड यांची होती. पुढे अनेकांनी वैमानिकविद्या ज्यावर शिकली ते टायगर मॉथ विमानही पोलादी नळ्यांचा आणि लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, अशाच बनावटीचे आहे. पत्रा आहे तो मुख्यतः इंजिनाच्या झाकणाला. शुद्ध ॲल्युमिनियम वजनाला पोलादाच्या एक तृतीयांश खरे, पण ते फार मऊ असते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आल्फ्रेड विल्म हा जर्मन धातुशास्त्रज्ञ त्याला कठीण करण्याच्या खटपटीत होता. त्याने ॲल्युमिनियममध्ये शेकडा चार भाग तांबे आणि थोडे मॅग्नेशियम मिसळले, तो धातू तापवून पाण्यात बुडविला आणि तपासला. तेव्हा तो फारसा कठीण निघाला नाही. पण सुटीनंतर तोच तुकडा पुन्हा तपासला असता तो आपोआप कितीतरी अधिक कठीण झालेला आढळला, अशी हकीकत सांगतात. या मिश्रधातूला पुढे ड्युरॅल्युमिन हे नाव पडले. दुसऱ्या महायुद्धातील विमानांची त्वचा याच घराण्यातील धातूंची आहे. ही त्वचा अर्ध्या मिलिमीटरपासून सव्वा मिलिमीटरपर्यंत जाडीची असते; काही ठिकाणी याहून जाड. पोस्टकार्ड दोनतीन पदरी धरले म्हणजे जी जाडी होते, तेवढीच ही समजावी. एवढ्याशा पत्र्याने केवळ आतले सामान झाकावयाचे नसते, तर उड्डाणाचा ताणही सांगाड्याच्या बरोबरीने सोसावयाचा असतो.

आता हा पत्रा वळवावयाचा म्हणजे काय करावयाचे? कागदाचा ताव डब्याभोवती गुंडाळता येतो. पण तोच ताव नारळावर चिकटवू गेले की, त्याला चुण्या पडतात किंवा तो फाटतो. एकाच दिशेने वाकणारे वळण आणि दोन्ही दिशांनी वाकणारे वळण यांत हा मूलभूत भेद आहे. सपाट पृष्ठभाग ताणल्याशिवाय वा आकसल्याशिवाय गोलावर बसू शकत नाही, ही गोष्ट गाउस या गणितज्ञाने १८२७ सालीच सिद्धांताने दाखवून दिली. परंतु घडणावळ करणाऱ्या कारागिरांना ती त्याच्या कितीतरी शतके आधी ठाऊक होती. विमानाच्या अंगावरील बरेचसे पत्रे एकाच दिशेने वाकलेले असतात आणि ते रुळांच्या यंत्रातून सहज वळवून घेता येतात. खरी अडचण नाकाजवळच्या, पंखाच्या टोकाच्या आणि आरंभी सांगितलेल्या सांध्याच्या पत्र्यांची आहे. तेथे धातूचा काही भाग लांब करावा लागतो, काही भाग आखूड. सबंध विद्येचे सार एवढ्यात आहे, असे म्हटले तरी चालेल. ते ऐकावयास सोपे आणि हाताला अवघड आहे.

वाटीसारखा फुगवटा हवा असेल तर मधला भाग ताणावा, नाही तर कडा आकसाव्यात. घोड्याच्या खोगिरासारखे वळण हवे असेल तर उलट, कडा ताणाव्यात. कोठे काय करावयाचे हे ठरविण्यासाठी कारागीर एक साधी युक्ती वापरतात. विमानाच्या त्या भागाचा लाकडी साचा आधी तयार करतात. ठराविक अंतरावर उभ्या केलेल्या फळ्यांचे आडवे छेद, त्यांची कड मूळ आकाराशी बरोबर जुळविलेली, असा तो साचा असतो. त्यावर जाड कागद हाताने दाबून बसवितात. कागदाला जेथे चुणी पडते तेथे धातू आकसावयाचा. जेथे कागद ताठ होऊन फाटू पाहतो किंवा साच्यापासून वर उचलून राहतो तेथे धातू ताणावयाचा. चोळी बेतणारा शिंपी चुणी घालून किंवा तिरपा तुकडा जोडून जे साधतो, ते येथे न कापता, न जोडता साधावयाचे असते. विमानाचा मोडका, चेपलेला मूळ पत्रा मिळाला तर तो सोन्याच्या मोलाचा. आकार गेला असला तरी त्याच्यावरील रिवेटांची भोके आतल्या सांगाड्याच्या भोकांशी जुळतात आणि नव्या पत्र्याची मापे त्यांवरून पडताळून पाहता येतात.

ताणण्याचे काम लाकडी मोगरीने आणि वाळू किंवा शिशाचे छरे भरलेल्या चामडी पिशवीवर होते. पिशवी खाली दबते, पत्रा तिच्यात खोल जातो आणि मोगरीच्या प्रत्येक घावाने थोडा थोडा फुगतो. आकसण्याचे काम याहून नाजूक आहे. पत्र्याच्या कडेला दुबेळक्याने मुद्दाम चुणी पाडतात, आणि तिचे टोक निसटू न देता तिला बाहेरून आत अशी हलके ठोकीत बसवितात. चुणीतील जादा धातू जागच्या जागी दाबला जाऊन कड आखूड आणि किंचित जाड होते. घाई झाली तर चुणी आडवी पडते, घडी बसते आणि तेथे पुढे चीर जाते. नवशिक्याला ताणणे लवकर येते, कारण नुसता घाव घातला तरी धातू ताणलाच जातो. पण अधिक ताणलेला धातू परत घेणे फार कष्टाचे असते. म्हणून या धंद्यातील जाणते लोक उमेदवाराला आधी आकसावयास शिकवितात तेच बरे.

हे सर्व वाचताना पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीची आठवण होणे अपरिहार्य आहे. घंगाळ, हंडा, बंब यांची पोटे सपाट तांब्यातूनच फुगविलेली. जमिनीत पक्क्या रोवलेल्या लोखंडी दांड्यावर भांडे ठेवून ते फिरवीत हातोड्याचे एकाशेजारी एक असे सारखे ठसे उठविणे, ज्याला मठारणे म्हणतात, ते केवळ शोभेसाठी नसते. त्या घावांनी तांबे घट्ट आणि ताठ होते. विमानाच्या कारागिरालाही शेवटी पत्रा मठारावाच लागतो. मात्र तांबटाच्या ठशांवर गिऱ्हाईक खूश होते, तर विमानाच्या पत्र्यावर एकही ठसा दिसता कामा नये.

धातू ठोकला की कठीण होत जातो, आणि आणखी ठोकला तर तडकतो. म्हणून मधून मधून तो तापवून पुन्हा नरम करावा लागतो. तांबटाचे येथे भाग्य मोठे. तांबे तापले की लाल होते; तो रंग पाहून ते पाण्यात बुडवावे, की झाले नरम. ॲल्युमिनियम अशी कोणतीच खूण देत नाही. ६६० अंश उष्णतेवर ते वितळते, आणि वितळेपर्यंत दिवसाउजेडी त्याचा रंग जवळजवळ बदलत नाही. या क्षणी चांगला दिसणारा पत्रा पुढच्या क्षणी भोक पडून ओघळतो. यावर कारागिरांनी काढलेला तोडगा घरगुती आहे. पत्र्यावर अंगाच्या साबणाची रेघ ओढावयाची आणि मागच्या बाजूने ज्योत फिरवावयाची. रेघ गडद तपकिरी, मग काळी झाली की पुरे. काही जण ॲसिटिलीनच्या धुरकट ज्योतीने पत्र्यावर काजळी धरतात आणि ती जळून नाहीशी होईपर्यंतच तापवितात. शुद्ध किंवा जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमला, म्हणजे इंजिनाची झाकणे आणि हवेच्या वाटा बांधणारे पत्रे यांच्या धातूला, एवढे ज्ञान पुरते.

ड्युरॅल्युमिनच्या बाबतीत मात्र साबणाच्या रेघेवर विसंबणे धोक्याचे. तो धातू पूर्ण नरम करावयाचा तर ४०० अंशांच्या किंचित वर तापवून अगदी सावकाश थंड होऊ द्यावा लागतो. आकार आल्यावर त्याला मूळचे बळ परत द्यावयाचे तर सुमारे ४९५ अंशांवर, भट्टीत किंवा वितळलेल्या क्षारांच्या कुंडात, ठराविक वेळ ठेवून झटकन पाण्यात बुडवावे लागते. उष्णता थोडी कमी पडली तर बळ येत नाही. थोडी अधिक झाली तर धातूच्या कणांमधल्या सीमा आतल्या आत वितळतात. वरून काही दिसत नाही, पण तो पत्रा कायमचा निकामी झालेला असतो. पाण्यातून काढलेला पत्रा तासभर मऊ राहतो. पाण्यात पडताना तो हमखास थोडा वाकडा झालेला असतो. तेवढ्या अवधीतच त्याला साच्यावर घेऊन सरळ करावयाचे. त्यानंतर तो स्वतः कठीण होऊ लागतो आणि चार दिवसांत पुरा बळकट होतो. पोलाद पाण्यात बुडविताच कठीण होते, तांबे नरम राहते आणि हा धातू आधी नरम राहून मग आपल्या वेळाने कठीण होतो. विल्मला सुटीनंतर जे आढळले ते हेच. युद्धकाळात या मिश्रधातूची रिवेटे पाण्यातून काढल्याबरोबर बर्फाच्या पेटीत ठेवीत असत. थंडीत त्यांचे कठीण होणे लांबते आणि हवी तेव्हा काढून ती ठोकता येतात. आजही तीच रीत आहे, फक्त पेटीच्या जागी शीतकपाट आले.

घडलेल्या पत्र्याचे खाचखळगे मोडण्यासाठी इंग्लिश व्हील नावाचे साधन वापरतात. मोठ्या धनुष्याकृती लोखंडी चौकटीत वर एक रुंद सपाट चाक आणि खाली पिंपाच्या पोटासारखे किंचित फुगलेले लहान चाक, असे ते असते. दोहोंमध्ये पत्रा धरून पुढेमागे सरकवावयाचा. जेथून चाक जाते तेथे धातू केसभर पातळ होऊन पसरतो आणि पत्रा हळूहळू फुगतो. पाहणाऱ्याला हे काम सोपे, जवळजवळ करमणुकीचे वाटते. नवशिका दाब अधिक देतो आणि पत्र्यावर नांगरटीसारख्या पट्ट्या उठतात. किंवा मधेच रेंगाळतो आणि एकच भाग जास्त पसरतो. मग रॉकेलच्या डब्याचा तळ जसा दाबताच टक्‌ करून आत जातो व सोडताच बाहेर येतो, तसा तो पत्रा करू लागतो. आत वा बाहेर, कोणतीच जागा त्याला धड राहत नाही. असा पत्रा विमानावर बसविला तर इंजिनाच्या थरथरीने तो सतत आतबाहेर करीत राहील आणि थोड्याच दिवसांत रिवेटांच्या ओळीपाशी चिरेल.

पत्रा बरोबर झाला की नाही हे डोळ्यांपेक्षा तळहाताला अधिक लवकर समजते. कारागीर पातळ कापडाचा हातमोजा घालून किंवा हाताखाली फडके धरून पत्र्यावरून हात फिरवितात, कारण उघडा हात घामाने अडतो. कानाचाही उपयोग होतो. हातोडा आणि खालची ऐरण यांच्यामध्ये पत्रा नेमका टेकलेला असला तर घावाचा आवाज खणखणीत येतो. मध्ये पोकळी असली तर बद्द येतो, आणि तो घाव वाया गेला इतकेच नव्हे तर त्याने नवा खळगा पाडला, असे समजावे. हे ज्ञान पुस्तकात उतरविता येत नाही असे नाही. पण पुस्तक वाचून हाताला ते येत नाही.

मौजेची गोष्ट अशी की, मूळ विमाने बांधताना यातील बरेचसे काम हाताने झालेच नव्हते. मोठ्या कारखान्यांत जड साचे, रबराच्या गाद्यांचे दाबयंत्र आणि वरून पडणारे प्रचंड हातोडे होते. एकसारखे शेकडो पत्रे त्यांतून निघत. आरंभीचे नमुने आणि अवघड वळणांचे पत्रे तेवढे मोटारींची अंगे घडविणाऱ्या जुन्या कारागिरांच्या हातून उतरत. सप्टेंबर १९४० मध्ये साउदॅम्प्टनचा स्पिटफायरचा कारखाना बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाला, तेव्हा काम मोटारींच्या गॅरेजांत, बसच्या आगारांत आणि धुलाईच्या कारखान्यांतही विखुरले गेले. युद्ध संपल्यावर ते लोखंडी साचे भंगारात गेले. एकदोन विमानांसाठी तसे साचे पुन्हा ओतणे कोणालाच परवडणारे नाही. म्हणून यंत्राने जे केले ते आज हाताने करावे लागते. विमान नवे असताना जी कला मागे पडू लागली होती, ते विमान जुने झाल्यावर तिचीच गरज पडली.

पत्र्याच्या गुळगुळीतपणाचा एवढा आग्रह कशासाठी, याचे उत्तर स्पिटफायरच्याच इतिहासात आहे. पहिल्या नमुन्यावरील रिवेटांची डोकी पत्र्याच्या सपाटीत बुडविलेली होती. हे काम वेळखाऊ व खर्चाचे. मग घुमटाकार डोक्याची साधी रिवेटे वापरली तर किती वेग जाईल? याचा शोध घेण्यासाठी तंत्रज्ञांनी वाटाण्याची डाळ आणली आणि एकेका बुडविलेल्या रिवेटावर एकेक डाळ गोंदाने चिकटविली. त्या डाळीसह विमान उडविले, तेव्हा ताशी २२ मैल वेग घटला. मग एकेका भागावरील डाळ खरवडून काढीत पुन्हा पुन्हा उड्डाणे केली आणि कोठे बुडविलेली रिवेटे हवीत, कोठे साधी चालतील, हे ठरविले. कोट्यवधींच्या यंत्रसामग्रीशिवाय झालेला इतका नेटका प्रयोग विरळाच. जीर्णोद्धार करणाऱ्याला यातून एक बंधन पडते: मूळ विमानात जेथे जसे रिवेट होते, तेथे तसेच घालावयाचे. स्वतःच्या हौसेने सगळीकडे गुळगुळीत करणे म्हणजे इतिहासात खाडाखोड करणेच होय.

हौस आणि जबाबदारी यांची सीमा याच ठिकाणी लागते. मोटारीच्या पत्र्यावरचा खळगा लांबी भरून झाकता येतो. विमानावर तो मार्ग बंद आहे. उंचवटा कानशीने घासून काढावा, हा नवशिक्याचा पहिला मोह. पण या पत्र्यांच्या दोन्ही अंगांना गंज रोखण्यासाठी शुद्ध ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ थर दिलेला असतो. कानस फिरली की तो थर गेला आणि जाडीही गेली. पत्र्याच्या कापलेल्या कडा वळविण्यापूर्वी घासून गुळगुळीत कराव्या लागतात, कारण चीर सुरू होते ती कडेच्या बारीकशा कुसळातून. अणकुचीदार सळईने रेघ मारणे वर्ज्य. शिसपेन्सिलीची रेघसुद्धा वर्ज्य, कारण तिच्यातील ग्रॅफाइट आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की विद्युत्क्रिया होऊन धातू खाल्ला जातो. म्हणून शहाणा उमेदवार प्रथम इंजिनाची झाकणे, सांध्यांवरची आवरणे अशा, ताण न सोसणाऱ्या पत्र्यांवर हात बसवितो. ताण सोसणाऱ्या त्वचेला तो हात लावतो तो अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली, आणि त्या कामावर अधिकृत तपासनिसाची सही झाल्याशिवाय ते विमान जमीन सोडत नाही.

आणखी एक प्रश्न वादाचा आहे. सगळा पत्रा नवा घातल्यावर ते विमान जुने कसे म्हणावयाचे? देवालयाच्या जीर्णोद्धारात हाच प्रश्न पडतो. एकेक चिरा बदलत गेले तर मंदिर तेच राहते काय? संग्रहालयात उभे राहावयाचे विमान असेल तर गंजलेला, भोके पडलेला मूळ पत्राही जपावा, हे योग्य. कारण तोच पुरावा आहे. जे उडावयाचे त्याच्या बाबतीत ही मोकळीक नाही. तेथे संशयास्पद पत्रा जपणे म्हणजे वैमानिकाचा जीव पणाला लावणे. या दोहोंमध्ये गल्लत करणारा जीर्णोद्धार सर्वांत वाईट; तो पुरावाही नष्ट करतो आणि विमानही भरवशाचे ठेवीत नाही.

आपल्या देशाला हे काम अपरिचित नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळुरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना उभारला. महायुद्ध संपल्यावर कानपूरच्या विमानतळावर लिबरेटर नावाची चार इंजिनांची बाँबफेकी विमाने टाकून देण्यात आली होती. ती पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून त्यांची मुद्दाम नासधूस केलेली होती. १९४८ साली बंगळुरच्या तंत्रज्ञांनी ती तेथेच उडण्याजोगी करून घेतली, जमशेद मुन्शी या वैमानिकाने ती एकामागून एक बंगळुरास नेली आणि तेथे त्यांची पुरी दुरुस्ती झाली. अशी सुमारे चाळीस विमाने उभी राहिली आणि भारतीय वायुदलाने ती १९६८ पर्यंत वापरली. त्यांतील एक आज इंग्लंडच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात आहे. ज्यांनी ती टाकून दिली त्यांनाच ती अखेर भारताकडून मागून घ्यावी लागली, हे विशेष.

याच्या उलट अलीकडचे उदाहरण डाकोटाचे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर भारतीय सैन्य उतरविणाऱ्या डाकोटांच्या स्मरणार्थ, भंगारातून मिळविलेले त्याच जातीचे एक विमान इंग्लंडात दुरुस्त करवून २०१८ साली वायुदलाला भेट देण्यात आले. त्यावर व्हीपी ९०५ हा त्या जुन्या मोहिमेतील विमानाचा क्रमांक आहे आणि त्याला ‘परशुराम’ हे नाव दिलेले आहे. कोकण-गोमंतकाच्या लोकांना ते आपलेसे वाटावे असेच आहे. विमान मायदेशी आले, हे उत्तम झाले. परंतु १९४८ मध्ये जे हात बंगळुरात होते, त्यांच्यासाठी सात दशकांनी इंग्लंडकडे पाहावे लागले. इकडे तांबट आळीतील हातोड्यांचा आवाजही पूर्वीपेक्षा पुष्कळ मंदावला आहे. तांब्याच्या घंगाळाचे पोट फुगविणाऱ्या हाताला ॲल्युमिनियमची रीत शिकविणे, हे त्या रीतीसाठी नवा हात तयार करण्यापेक्षा खचितच सोपे ठरेल.

साच्यावर बरोबर बसलेला पत्रा विमानावर बरोबर बसेलच असे नाही, ही शेवटची गोष्ट उमेदवाराला लवकरच कळते. युद्धकाळात घाईने जोडलेली दोन विमाने कधीच तंतोतंत सारखी नसत. म्हणून पत्रा प्रथम काही मोजक्या भोकांतून स्प्रिंगच्या तात्पुरत्या खुंट्यांनी अडकवितात. तो कोठे ताणून बसतो आणि कोठे उचलतो ते पाहतात. काढतात, चाकावर एकदोन फेऱ्या देतात आणि पुन्हा अडकवितात. ओढून ताणून बसविलेला पत्रा चालत नाही, कारण तो ताण पुढे त्याच्या अंगात कायमचा राहतो. सैलपणे, आपल्या जागी आपण येऊन बसला की, उरलेली भोके पाडून दोन माणसे रिवेटे ठोकू लागतात. एक बाहेरून ठोकतो, दुसरा आत अडचणीच्या जागेत पोलादी ठोकळा धरून बसतो. जुन्या पत्र्यांच्या आतल्या अंगास पुष्कळदा युद्धकाळातील तपासनिसाचा लहानसा शिक्का आढळतो. असा एखादा तुकडा वापरता येण्याजोगा निघाला तर तो शिक्का रंगाखाली न बुजविता तसाच ठेवतात, आणि त्याच्या शेजारी कोणता पत्रा कोणत्या वर्षी नवा घातला याची नोंद विमानाच्या वहीत करतात.